कोतातली रायफल

2019 च्या सप्टेंबरमध्ये मी पंधरा-वीस दिवस अमेरिकेत होतो. वॉशिंग्टन राज्यात जॉइंट बेस लुइस-मॅकॉर्ड नावाचा त्यांचा मोठा तळ आहे, तिथे ‘युद्ध अभ्यास’ हा आपला आणि त्यांचा संयुक्त सराव चालू होता. ‘बदलूराम का बदन’वर अमेरिकन जवान नाचतानाचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल, तो याच सरावातला. आसाम रेजिमेंटचे लोक होते, मी नियोजनाच्या कामापुरता जोडलेला.

माझ्याबरोबर काम करणारा त्यांचा एक सार्जंट एका सकाळी उशिरा आला. वक्तशीर माणूस, म्हणून विचारलं. म्हणाला, धाकट्या भावाला घेऊन कोर्टात गेलो होतो. भाऊ फौज सोडून आलेला, इराकमध्ये राहून आलेला. मला वाटलं, मारामारी नाहीतर घटस्फोट. तसं काही नव्हतं. भावाने स्वतःहून एक फॉर्म भरून दिला होता: मला बंदूक विकू नका.

मी दोनदा विचारलं, कारण पहिल्यांदा नीट कळलंच नाही.

कायदा नवाच होता. वॉशिंग्टनने 2018 मध्ये केला आणि 2019 च्या जानेवारीपासून लागू झाला. कोर्टाच्या क्लार्ककडे जायचं, फोटो असलेलं ओळखपत्र दाखवायचं, फॉर्मवर सही करायची. मग दुकानदार विक्रीच्या आधी ज्या यादीत नाव तपासतो, त्या यादीत तुमचं नाव चढतं. डॉक्टरचा दाखला नको, कारण सांगायला नको. पुढे 2020 मध्ये व्हर्जिनियाने आणि 2021 मध्ये यूटाने असेच कायदे केले. तिकडे याला ‘डोनाज लॉ’ म्हणतात. न्यू ऑर्लिन्सची डोना नावाची बाई अनेक वर्षं मनाच्या आजाराशी झुंजत होती, उपचारासाठी स्वतःहून दवाखान्यात जायची. 2018 मध्ये तिने दुकानातून बंदूक विकत घेतली आणि जीव दिला. ‘मला विकू नका’ असं आधी लिहून द्यायची सोय असती तर आईने नक्की दिलं असतं, असं तिच्या मुलीचं म्हणणं, आणि तेव्हापासून ती त्यासाठी राज्याराज्यांत फिरते आहे.

आपल्याकडे हे ऐकून हसू येईल. इथे परवान्यासाठी अर्ज, पोलीस चौकशी, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खेपा. एका रात्रीच्या झटक्यात बंदूक विकत घेणारा माणूस आपल्याकडे विरळाच. पण अमेरिकेत 2021 या एका वर्षात बंदुकीने 48,830 माणसं मेली आणि त्यातल्या 26,328 आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. बंदुकीने केलेल्या दहा प्रयत्नांतले नऊ जिवावर बेततात, दुसरी संधी मिळत नाही. म्हणून त्या कायद्यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते एक लहानसं कलम. दिलेला अर्ज मागे घेता येतो, पण सात दिवस झाल्याशिवाय नाही. मागे घेतल्यावरही नाव निघायला आणखी सात दिवसांपर्यंत लागू शकतात. व्हर्जिनियात तर एकवीस दिवस. झटका ओसरायला तेवढे दिवस पुरतात, हा सगळा हिशोब.

सार्जंटने विचारलं, तुमच्या फौजेत काय करता? मी बडी सिस्टिम सांगितली, धर्मगुरू, सैनिक संमेलन, सगळं सांगितलं. एक गोष्ट सांगितली नाही.

2011 चा हिवाळा. कुपवाड्याच्या वरच्या अंगाला आमची कंपनी होती, मी नवा कंपनी कमांडर. साताऱ्याकडचा एक नाईक सुट्टीवरून परत आला आणि चौथ्या दिवशी माझ्या बंकरच्या दाराशी येऊन उभा राहिला.

“सायेब, एक इनंती हुती. माजं हत्यार थोडं दिस कोतात ऱ्हाऊ द्या.”

फौजी माणसाच्या तोंडी हे वाक्य कसं लागतं ते बाहेरच्याला समजावणं अवघड आहे. मी तिथे असलेल्या दोघांच्या देखत विचारलं, “का? ड्यूटी नकोय का?” हे मी बोललो, हेच शब्द. तो बुटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, “रात्री झोप न्हाई लागत. आनि सायेब, म्या मागितलं तरी लगेच देऊ नका. आठ दिस तरी देऊ नका.”

हा माणूस दहावी पास. टॅकोमाच्या कोर्टातलं ते सात दिवसांचं कलम त्याने आमच्या बर्फात उभं राहून स्वतःच्या अकलेने मांडलं होतं, आणि ते कायद्यात येण्याच्या सात वर्षं आधी.

नियमाने त्याला आरएमओकडे पाठवायचं, तिथून मानसोपचार तज्ज्ञाकडे. ‘शेप’मधला ‘एस’ म्हणजे मनाचा निकष. तो खाली आला की कॅटेगरी लागते. कॅटेगरी लागली की प्रमोशन अडकतं, आणि हे प्रत्येक जवानाला पाठ असतं. सुभेदार साहेब म्हणाले, “कागदावर घेऊ नका साहेब, मी बघतो.” रायफल कोतात गेली, नाईक कंपनीच्या तळावर लंगरला. सुभेदार साहेबांनी त्याच्या गावचा एक शिपाई त्याच्या शेजारी झोपायला ठेवला. मी रोज संध्याकाळी लंगरात चहा प्यायला जायचो, जणू चहासाठीच. हळूहळू कळलं: भावकीत जमिनीचा खटला, बायको माहेरी, डोक्यावर कर्ज. अकराव्या दिवशी त्याने रायफल मागितली. आम्ही आणखी आठ दिवस दिली नाही. तो चिडला नाही, नुसता म्हणाला, “बरं.”

आता वाटतं, डॉक्टरांकडे न पाठवणं ही चूक होती. चांगलं निभावलं म्हणून ती बरोबर ठरत नाही. पण पाठवलं असतं तर पुढचा कुणी तोंड उघडून मागायला आला असता का, याचंही उत्तर माझ्याकडे नाही.

कागद नव्हता तरी बातमी राहिलीच. माझ्या त्या एका प्रश्नाच्या वेळी दोघे तिथे होते ना. वर्षभराने हवालदारासाठी नावं निघाली तेव्हा वरिष्ठांनी विचारलं, “हा तोच का, हत्यार टाकणारा?” मी म्हणालो, “टाकलं नव्हतं सर, जमा केलं होतं.” एवढं म्हणायला मला जितका वेळ लागला, तो त्याच्या विरोधात गेला. त्या वर्षी त्याचं नाव राहिलं.

वॉशिंग्टनच्या कायद्यात असंही आहे की हा अर्ज लोकांना उघड करायचा नाही, आणि नोकरी किंवा सवलतीसाठी कुणाला तो भरायची सक्ती करता येत नाही. सार्जंट हे सहज सांगून गेला आणि माझा हात कॉफीच्या कपावरच थांबला. अर्थात तिथेही फार थोडे लोक फॉर्म भरतात. कोर्टात स्वतः जाऊन उभं राहणं हेही बंकरच्या दाराशी उभं राहण्यासारखंच असणार. शिवाय घरात आधीपासून असलेल्या बंदुकीला तो कायदा हात लावत नाही.

आपल्याकडे आता 14416 हा टेलि-मानसचा नंबर आहे, आणि पुण्याच्या एएफएमसीत फौजेसाठी त्याचा वेगळा कक्ष 2023 च्या डिसेंबरपासून चालू आहे. माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या कंपनी कमांडरला मी हा नंबर देतो आणि दुसरी गोष्ट सांगतो: कुणी हत्यार जमा करायला आला तर आधी बाकीच्यांना बाहेर पाठवा, मग त्याला बसायला सांगा.

तो नाईक पुढच्या वर्षी हवालदार झाला. आता निवृत्त आहे, गावाकडे दूध डेअरीचं बघतो. खंडेनवमीला त्याचा फोन येतो. “सायेब, पूजा झाली का हत्यारांची?” झाली म्हटलं की विचारतो, कोत कुणाकडे आहे यंदा.