गाडी पाण्यात का घातली?

कॉन्स्टेबल म्हटलं की मला पांडू हवालदार आठवतो. त्यामुळे लंडनच्या नॅशनल गॅलरीत मैत्रिणीनं मला ओढत जॉन कॉन्स्टेबलच्या ‘द हे वेन’समोर नेऊन उभं केलं, तेव्हा माझी पहिली रिअ‍ॅक्शन होती, अरेच्चा, हे तर आमच्या डेंटिस्टकडे आहे! तुम्हीही पाहिलं असणार. कॅलेंडरवर, बिस्किटांच्या डब्यावर, जिगसॉ पझलवर. उथळ नदी, काठाला कौलारू घर, एक कुत्रा आणि पाण्यात मधोमध तीन घोड्यांची रिकामी शेतगाडी. ओरिजिनल मात्र चांगलं सहा फूट रुंद आहे. ‘हे’ म्हणजे (आपलं ‘हे’ नव्हे) वाळवलेलं गवत आणि ‘वेन’ म्हणजे ते वाहणारी गाडी.

फोटो काढला आणि बाबांना पाठवून दिला. बाबा बँकेतून रिटायर झालेत, आर्टबिर्टशी त्यांचा काडीचा संबंध नाही. दोन मिनिटांत उत्तर आलं : ‘चाकं ढिली झाली असतील गं. म्हणून पाण्यात घातलीय.’

मी हसले. मग वाचायला लागले, तर जाणकारही तेच म्हणतात! उन्हाळ्यात चाकाचं लाकूड सुकून आकसतं, वरची लोखंडी धाव सैल होते. गाडी पाण्यात उभी केली की लाकूड फुगतं आणि धाव पुन्हा घट्ट बसते. दुसरं साधं कारणही सांगतात. चित्रात लांब उजवीकडे कुरणात माणसं एका गाडीवर गवत चढवताहेत, ही रिकामी गाडी नदी ओलांडून तिकडेच निघालीय. मला दोन्ही पटतात. जाता जाता चाकं भिजली तर कोणाला नकोय?

बाबांना हे कसं कळलं, ते विचारायची गरजच नव्हती. सातारा भागातल्या आमच्या गावी आजोबा चैत्रात बैलगाडी कृष्णेच्या पात्रात नेऊन उभी करायचे आणि पोरं त्या निमित्तानं डुंबून घ्यायची. ही गोष्ट मी शंभरदा ऐकलीय. कान बंद ठेवून.

पण आता किडा डोक्यात शिरला होता. शनिवारी लिव्हरपूल स्ट्रीटहून ट्रेन पकडली, तासाभरात मॅनिंगट्री. तिथून स्टोर नदीच्या कडेनं पाऊणेक तास चालत फ्लॅटफर्ड. कॉन्स्टेबलच्या वडिलांची पाणचक्की इथली. चित्रातलं घर विली लॉट नावाच्या शेतकऱ्याचं, आणि तेही अजून उभं आहे.

गंमत म्हणजे चित्र इथं रंगवलेलंच नाही. जुन्या स्केचेसवरून लंडनच्या स्टुडिओत, 1820-21च्या हिवाळ्यात ते झालं. आणि गाडीपाशी गाडी अडली! शेवटी गावाकडच्या एका मित्राच्या मुलानं, जॉनी डनथॉर्ननं, खऱ्या गाडीचं रेखाटन करून पाठवलं. घोडे, ढग, झाडं मनातून येतील, पण गाडी चुकली तर गावातलं पोरही हसेल, असं त्याला वाटलं असावं. (हा माझा अंदाज.)

कारण शेतगाडी म्हणजे काही मोघम वस्तू नव्हती. इंग्लंडमध्ये जिल्हा बदलला की गाडी बदलायची. ऑक्सफर्डशायरची पिवळी, मागच्या चाकांवर कमानीसारखी उचललेली. सफोककडची बोजड, खोक्यासारखी, बहुतेकदा निळी. पुढची चाकं लहान, म्हणजे वळताना गाडीच्या अंगाखाली शिरतात. गवताच्या दिवसांत पुढे-मागे शिडीसारख्या चौकटी लावायच्या की भारा गाडीबाहेर झुकला तरी चालतो. चाकाचा तुंबा एल्मचा, कारण तो फाटत नाही. आरे ओकचे, कारण ते वाकत नाहीत. बाहेरचा घेर अ‍ॅशचा, कारण तो दणके खातो. आधी लोखंडाचे तुकडे खिळ्यांनी ठोकायचे. नंतर सलग धाव आली. ती लालबुंद तापवून चढवायची आणि वर पाणी ओतायचं. बाबांच्या गावातला लोहार-सुतारही हेच करायचा.

चित्रात सगळं कसं शांत, निवांत! पण 1822 साली सफोकमध्ये उपाशी शेतमजूर मळणीयंत्रं फोडत होते, गंजी पेटवत होते. रोज रात्री कुठं ना कुठं आग दिसते, असं कॉन्स्टेबलनंच पत्रात कळवलंय. चित्रात त्यातलं काही नाही. 1821 साली लंडनला ते विकलंही गेलं नाही, 1824 साली पॅरिसला मात्र गोल्ड मेडल मिळालं. आणि जुलै 2022मध्ये पर्यावरणवाल्या दोन तरुणांनी त्यावर विमानं आणि डांबरी रस्ता असलेली प्रिंट चिकटवली आणि आपले हात फ्रेमला! मला ते आवडलं नाही, पण चित्राशी भांडण काढण्याची कल्पना वाईट नव्हती.

खऱ्या गाड्यांचं काय झालं? दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर आले. काही गाड्यांना रबरी टायर लावून ट्रॅक्टरमागे जुंपलं, बाकीच्या कुंपणाकडेला कुजल्या. थोड्या रेडिंगच्या ग्रामीण संग्रहालयात आहेत, ते 1951 साली निघालं.

फ्लॅटफर्डला काठावर सगळे मोबाइल उंच करून ‘तो’ अँगल शोधत होते. मीही. झाडं वाढलीत, तरी घर लगेच ओळखू येतं. बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

‘गाडी कुठाय?’ बाबा म्हणाले.

‘नाहीये. नुसतं पाणी.’

‘हं.’

‘बाबा, आपली कुठाय? आजोबांची?’

बाबा जरा थांबले. ‘काकानं विकली ना. हायवेवरच्या त्या हॉटेलला. मागच्या दिवाळीत तू बसून फोटो काढलास, तीच ती.’

‘तेव्हा का नाही सांगितलंत?’

‘तू किती खूश होतीस गं फोटो काढताना.’

परतीच्या ट्रेनमध्ये तो फोटो शोधून काढला. मी मधोमध, गॉगल, दोन बोटं वर. चाकाला सोनेरी पेंट मारलाय. झूम केल्यावर लाकूड आणि धाव यांच्यामध्ये बोटभर फट दिसते.