पडद्याची निवड

'मॉनिटर' या शब्दाशीं आमची पहिली ओळख मराठी तिसरीच्या वर्गांत झाली. मास्तर वर्गाबाहेर गेले म्हणजे जो मुलगा हातांत खडू घेऊन फळ्यापाशीं उभा राही आणि बोलणाऱ्यांचीं नांवें लिहून ठेवी, तो मॉनिटर. आमचें नांव त्या फळ्यावर इतक्या वेळां झळकलें आहे, कीं पन्नाशी उलटल्यावरही तो शब्द कानीं पडतांच आमचें तोंड आपोआप मिटतें. म्हणून गेल्या पावसाळ्यांत एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर आमचे चिरंजीव जेव्हां म्हणाले, "बाबा, मला नवा मॉनिटर घ्यायचा आहे," तेव्हां आम्ही क्षणभर गप्प बसलों, आणि त्या मौनाचा अर्थ त्यांनीं संमति असा केला.

घरांत मॉनिटर नव्हता, असें नाहीं. होता, सात वर्षें इमानानें चालत होता. त्यावर आम्ही प्रश्नपत्रिका काढीत असूं, सौभाग्यवती विजेचें बिल भरीत असत, आणि अक्षरें नाकापर्यंत न जातां दिसत असत. एवढ्यानें ज्याचें समाधान होत नाहीं त्यास आणखी काय हवें, हें आम्हांस कळेना. चिरंजिवांस तो खेळण्यासाठीं हवा होता. विसाव्या वर्षीं, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्गांत बसणाऱ्या मुलानें खेळण्यासाठीं वीस हजार रुपयांचा पडदा मागावा, हें ऐकून आमच्यांतील प्राध्यापक खडबडून जागा झाला. "निम्मे पैसे मी शिकवण्या करून साठवले आहेत," हें त्यांचें पुढचें वाक्य आम्हीं ऐकून न ऐकल्यासारखें केलें.

आमचा पहिला आक्षेप संख्येविषयीं होता. जुना पडदा दर सेकंदास ६० वेळां चित्र बदलीत असे; नवा १४४ वेळां बदलणारा हवा, असें त्यांचें म्हणणें. या वेगास 'रिफ्रेश रेट' म्हणतात आणि तो हर्ट्झमध्यें मोजतात. आम्हीं विचारलें, "बोलपट सेकंदाला चोवीस चित्रांवर चालतो ना? 'प्रभात'च्या १९३६ सालच्या 'संत तुकारामां'त तुकोबा तेवढ्यावर वैकुंठास पोंचले. तुला असें कोठें जायचें आहे, कीं १४४ लागावीं?" युक्तिवाद बिनतोड आहे अशी आमची खात्री होती, वर्गांत असल्या वाक्याला निदान पहिलें बांक तरी हंसतें. चिरंजीव हंसले नाहींत. ते शांतपणें म्हणाले, "बाबा, सिनेमा तुम्ही नुसता पाहतां. खेळांत हात हलवायचा असतो. हात आधीं हलला आणि चित्र मागाहून हललं, तर तें हाताला कळतं." यावर उत्तर न सुचल्यामुळें आम्हीं "पुढें पाहूं" या गृहस्थाश्रमांतील जुन्या आधाराचा आश्रय घेतला.

तीनचार दिवसांनीं मध्यरात्रीच्या सुमारास आम्ही पाणी पिण्यास उठलों. चिरंजिवांच्या खोलींतून हंसण्याचा आवाज येत होता. दार अर्धवट लोटलेलें. कानांवर यंत्र चढवून ते पडद्याकडे तोंड करून बसले होते आणि मधूनच ओरडत होते, "ताई, मागें बघ, मागें!"

आमची कन्या गेलीं दोन वर्षें शिक्षणासाठीं जर्मनींत आहे. दर रविवारीं आमचें तिच्याशीं संभाषण होतें. आम्ही विचारतों, जेवलीस का? थंडी फार आहे का? पैसे पुरतात ना? ती तिन्ही प्रश्नांना "हो बाबा" म्हणते, आणि मग दोन्हीकडचा संकोच दूर करण्यासाठीं आम्ही फोन तिच्या आईच्या हातीं देतों. दोन वर्षांत या संवादांत एक शब्द वाढला नाहीं कीं कमी झाला नाहीं. त्या रात्रीं अंधारांत, हातांत तांब्या धरून, आम्हांस चिरंजिवांची एकच बाजू ऐकूं येत होती. तेवढ्यावरून कळलें तें असें, कीं घरमालकिणीची मांजर आमच्या कन्येच्या पायथ्याशीं निजते. तिनें एक परीक्षा पुढें ढकलली आहे. आणि मागल्या महिन्यांत ती आठ दिवस तापानें अंथरुणाला खिळून होती. त्या आठ दिवसांत एक रविवार खास आला असणार. त्या रविवारींही तिनें आम्हांस "हो बाबा" असेंच सांगितलें असणार.

तांब्या तसाच ठेवून आम्ही परतलों. सौभाग्यवतींस उठवावें असें वाटलें, पण उठवून सांगणार काय?

सकाळीं चहाच्या वेळीं आम्हीं शक्य तितक्या सहजपणें विचारलें, "ताईशीं खेळतोस वाटतें?" चिरंजीव म्हणाले, "आठवड्यांतून तीनदां. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजले, कीं उन्हाळ्यांत तिकडे सात होतात. तिचं जेवण झालेलं असतं." मग आपण होऊनच त्यांनीं हिशेब मांडला. मुंबईपासून जर्मनी सुमारें साडेसहा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लाख किलोमीटर धांवतो. तेव्हां येथून निघालेली खूण तिकडे जाऊन परत यावयास, तार अगदीं सरळ टाकलेली असली तरी, पांसष्ट मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे पांसष्ट सहस्रांश लागणारच. आणि तारा सरळ टाकलेल्या नसतात, म्हणून प्रत्यक्षांत याहून बराच अधिक वेळ जातो. "तें कोणाला कमी करतां येत नाहीं," ते म्हणाले. "पण ६० हर्ट्झच्या पडद्यावर एकेक चित्र पावणेसतरा मिलिसेकंद थांबून राहतं, १४४ वर सातापेक्षां कमी. आपल्या हातांत आहे तेवढं तरी करावं, इतकंच."

आम्हीं त्याच दिवशीं महाविद्यालयांत पदार्थविज्ञानाच्या आमच्या एका सहकाऱ्यांस गांठलें. आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकवितों; विज्ञानाच्या खोलींत आमचें पाऊल सहसा पडत नाहीं. त्यांनीं मोठ्या अगत्यानें समजावून दिलें, कीं हे पडदे ज्या द्रवस्फटिकांवर चालतात त्यांचा शोध १८८८ सालीं फ्रीड्रिख रायनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञास लागला. गाजरांतून काढलेल्या कोलेस्टेरॉलच्या एका संयुगास दोन वितळबिंदू आहेत, हें पाहून तो चक्रावला होता. आजच्या पडद्यांत मागें दिवा असतो आणि पुढें हे स्फटिक विजेच्या इशाऱ्यासरशीं फिरून प्रकाशाची वाट उघडतात किंवा मिटतात. ते जितके चटकन् फिरतील तितकें धांवतें चित्र स्वच्छ. रेंगाळले तर प्रत्येक वस्तूमागें तिचें भूत धांवूं लागतें.

"त्यांच्या जाती तीन," सहकारी म्हणाले. "'टीएन' चपळ आणि स्वस्त, पण समोरूनच नीट दिसतो; बाजूनें पाहिलें तर रंग पालटतात. 'व्हीए'चा काळा रंग गडद, पण अंधाऱ्या दृश्यांत पुष्कळदां अडखळतो. 'आयपीएस' कोणत्याही बाजूनें सारखा दिसतो, मात्र त्याचें काळें थोडें करडें. चौथा 'ओएलईडी'. त्याला मागचा दिवाच नको. एकेक बिंदु स्वयंप्रकाशी. पण एकच आकृति तासन् तास तशीच राहिली, तर तिचा डाग कायमचा उमटण्याची भीति, आणि किंमत आपल्या पगाराशीं फटकून." आम्ही म्हणालों, "म्हणजे विद्यार्थ्यांसारखेंच. सर्व गुण एकांत नाहींत." ते म्हणाले, "प्राध्यापकांसारखेंही." आम्ही आभार मानून निघालों.

पुढच्या शनिवारीं आम्ही दोघे दादरहून धीम्या गाडीनें ग्रँट रोडला उतरलों आणि लॅमिंग्टन रोडला गेलों. पालिकेच्या पाटीवर त्याचें नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असें आहे. पण तारा, दिवे, जुनीं-नवीं यंत्रें आणि त्यांचे सुटे भाग घ्यावयास येणाऱ्या मुंबईकराच्या तोंडीं तें जुनेंच नांव असतें. दुकानदार तरुण आणि चतुर होता. त्यानें आम्हांस 'सर' म्हटलें, आणि प्रथम ३८४० गुणिले २१६० बिंदूंचा, ज्यास 'फोर-के' म्हणतात, असा भव्य पडदा दाखविला. चित्र इतकें नितळ, कीं आम्ही खिशाकडे हात नेला. चिरंजिवांनीं आम्हांस थांबविलें. दुकानांतील चित्र आणि घरचा खेळ निराळा, असें ते म्हणाले. इतके बिंदु सेकंदास १४४ वेळां रंगवावयाचे, म्हणजे सुमारें ११९ कोटि. घरच्या संगणकाच्या ग्राफिक्स कार्डाची तेवढी ताकद नाहीं. २५६० गुणिले १४४० चा घेतला, तर तेंच काम ५३ कोटींवर येतें, आणि सत्तावीस इंची पडद्यावर हाताच्या अंतरावरून बिंदु सहजासहजीं वेगळा ओळखूं येत नाहीं. अंथरूण पाहून पाय पसरावे, हें आम्हीं त्यांस लहानपणीं शिकविलें होतें. तें त्यांनीं असल्या ठिकाणीं लागू केलें, याचा आम्हांस मनांतून संतोष झाला.

खोक्यावर '१ मिलिसेकंद' असें ठळक छापलेलें आम्हीं मोठ्या चाणाक्षपणें दाखविलें. चिरंजीव म्हणाले, कीं तो आंकडा पुष्कळदां अति ताणलेल्या मांडणीवर मोजलेला असतो, आणि तशी मांडणी केली तर स्फटिक पुढें घसरून उलट्याच छाया पडतात; त्यावर भिस्त ठेवूं नये. कार्डाचा वेग आणि पडद्याचा वेग यांचा मेळ राखणारी सोय मात्र असावी, नाहीं तर चित्र मध्येंच फाटल्यासारखें दिसतें. ती सोय 'एनव्हिडिया'नें २०१३ सालीं 'जी-सिंक' या नांवानें जाहीर केली, आणि 'एएमडी'ची 'फ्रीसिंक' पडद्यांतून २०१५ सालीं बाजारांत आली.

अखेर आम्हीं आमची शंका बोलून दाखविली: हा साठांतला आणि १४४ मधला फरक खरा, कीं विकणाऱ्यांची क्लृप्ति? दुकानदारानें दोन पडदे शेजारीं ठेवले आणि 'माउस' आमच्या हातीं दिला. आम्हीं बाण गरगर फिरविला. एका पडद्यावर तो उड्या मारीत, विरळ ठशांनीं चालला. दुसऱ्यावर हाताला चिकटल्यासारखा आला. चाळिशी लागून दहा वर्षें झालेल्या आमच्या डोळ्यांसही तें दिसलें. दिसलें नाहीं असें म्हणण्याचा मोह झाला होता. पण मुलगा आमच्या तोंडाकडे पाहत होता. "दिसतें," आम्ही म्हणालों.

टॅक्सींत तें रुंद खोकें आम्हां दोघांच्या गुडघ्यांवर आडवें होतें. आम्ही बारा वर्षांचे असतांना आमच्या वडिलांनीं आम्हां भावांस एक कॅरम बोर्ड आणून दिला होता. नेहमींच्या मापाहून लहान. "खेळायचंच तर आहे," असें म्हणून स्वस्तांतला. पहिल्याच पावसाळ्यांत त्याचें लांकूड फुगलें आणि प्रत्येक सोंगटी एकाच कोंपऱ्याकडे ओढली जाऊं लागली. ती ओढ दादाला पाठ झाली होती आणि तो दरवेळीं जिंकत असे. आम्ही चिडून बोरिक पावडर उधळीत असूं. दादा जाऊन आतां नऊ वर्षें झालीं. मोठेपणीं त्याच्याशीं आम्ही गंभीर, महत्त्वाचें असें पुष्कळ बोललों असूं. आठवूं गेलें तर त्यांतलें कांहीं आठवत नाहीं. त्या वांकड्या बोर्डावर तो काय काय बोलला, तें मात्र आठवतें. घरांतल्या मोठ्यांस ठाऊक नसलेलें त्याचें पुष्कळसें त्या बोर्डावरच आम्हांस कळलें होतें.

आम्ही टॅक्सींत म्हणालों, "तुझे पैसे राहूं दे. सगळे मी देतों." चिरंजीव म्हणाले, "नको बाबा, निम्मे माझेच." आम्हीं आग्रह केला नाहीं.

त्या रात्रीं पडदा जोडतांना ते आम्हांस शिकवीत होते: तार मागच्या कार्डांतच लावावी लागते, आणि संगणकांत जाऊन १४४ हा आंकडा आपण निवडावा लागतो, न निवडल्यास नवा पडदाही पुष्कळदां साठावरच चालत राहतो. साडेदहा वाजले. आम्ही उठूं लागलों, तों त्यांनीं खुर्ची पुढें ओढली आणि कानांवरचें यंत्र काढून आवाज खोलींत सोडला.

"कोण आहे तिथें?" दूरवरून कन्येचा आवाज आला.

"बाबा आहेत."

क्षणभर शांतता झाली. ती शांतता पांसष्ट मिलिसेकंदांची नव्हती, हें आम्हांस कळलें. आमच्या ओठांशीं तोच जुना प्रश्न आला होता. तो आम्हीं गिळला.

आम्ही म्हणालों, "ती मांजर अजून तुझ्या पायथ्याशींच निजते का ग?"