आंब्याची चार पानं

१८ डिसेंबर २०२३, सोमवार. चंपाषष्ठी

सटीचा नैवेद्य झाला. वांग्याचं भरीत, रोडगे, पातीचा कांदा. चातुर्मासात बंद असलेलं वांगं आज पहिल्यांदा ताटात आलं. तळी भरून उठतो न उठतो तोच शाळेचा मुख्याध्यापक दारात. माझाच विद्यार्थी, आता त्याचेही केस पिकलेत.

"बाई, स्मरणिकेसाठी गावाची ओळख तुम्हीच लिहायची. चार पानं. पोरांना भाषणाला उपयोगी पडली पाहिजे."

सोबत एक छापील तक्ता देऊन गेला. गावाचे नाव, लोकसंख्या, नदी, पिके, दळणवळण, प्रेक्षणीय स्थळे, थोर व्यक्ती. रात्री भरायला घेतला. नदी जयंती, गावाच्या मधून जाते. आता तीत पाणी कमी आणि सांडपाणी जास्त. डोंगर बालाघाटचा. लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार पाऊण लाखाच्या आसपास. रेल्वे नाही, गाडी पकडायची तर पंचवीस किलोमीटरवर परळी. दवाखान्यासाठी मात्र परळी, केज, धारूरची माणसं आमच्याकडे येतात. एवढं झालं, पण पहिला रकाना कोराच ठेवला. गावाचे नाव.

१९ डिसेंबर, मंगळवार. मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी

आजपासून योगेश्वरीचं मार्गशीर्षातलं नवरात्र. पहाटे देवळात गेले. पुण्या-मुंबईच्या गाड्या लागल्या होत्या. कोकणस्थांची ही कुलदेवता. समुद्राकाठच्या माणसांची कुलदेवी चारशे-पाचशे किलोमीटर आत, या काळ्या दगडाच्या पठारावर कशी, हे कोडं मला लहानपणापासून आहे. लोकांनी त्याचं उत्तर गोष्टीत दिलंय. देवीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं, कोकणातून वऱ्हाड निघालं, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड इथंच दगड होऊन बसलं. देवी कुमारिका राहिली. हत्तीखान्यातले दगडी हत्ती त्याच वऱ्हाडातले, असं आजी सांगायची. हत्तीखाना म्हणजे जयंतीकाठची लेणी, जोगाईचा मंडप. एकसंध खडकात कोरलेला खांबांचा मंडप आणि अंगणात मोकळे उभे हत्ती. आजीचं बोट धरून त्या हत्तींच्या पायाशी बसलेली मी अजून आठवते. दगड दुपारीही गार असायचा.

तांबूल घेऊन आले. आमच्या देवीचा प्रसाद तो: पान कुटून केलेला. साधी पानाची चव, पण गावाबाहेर कुठं ती लागत नाही.

वाटेत एसटीच्या थांब्यावर एक म्हातारी कंडक्टरला विचारत होती, "आंबा आला का?" पाटीवर अंबाजोगाई लिहिलेलं. आसपासच्या खेड्यांतली माणसं आजही "आंब्याला चाललो" म्हणतात. माझ्या वडलांच्या ट्रंकेत जुनी पत्रं आहेत, त्यांच्यावर पत्ता मोमिनाबाद. निजामाच्या राज्यात गावाचं सरकारी नाव तेच. हैदराबाद कंटिन्जंटचं घोडदळ इथं असायचं. १९०३ साली ते कंटिन्जंट ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात विलीन झालं. कागदावर मोमिनाबाद, रजिस्टरात मोमिनाबाद, शिक्क्यात मोमिनाबाद. बाजाराला येणारा कुणबी मात्र आंब्यालाच येत राहिला. यादवांच्या काळचं नाव लिहिता-वाचता न येणाऱ्यांनी जिभेवर सांभाळलं, याचा मला फार अभिमान वाटतो. हे पहिल्या पानावर घेणार.

२० डिसेंबर, बुधवार

शेजारची मुलगी दुपारी अभ्यासाला आली. सातवीत आहे. आजीपाशी राहते. आईवडील दसरा झाला तसे ऊसतोडीला कारखान्यावर गेलेत, यंदा कर्नाटकात. मुकादमाची उचल घेतली की जावंच लागतं. इकडं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. तालुक्यातली कितीतरी खेडी या दिवसांत म्हाताऱ्यांची आणि लेकरांची होतात. मी शिकवत होते तेव्हा दिवाळीनंतर हजेरी घेताना काही नावांपाशी आवाज आपोआप खाली यायचा. आता काही गावांत हंगामी वसतिगृहं चालतात, थोडी पोरं टिकतात. तक्त्यात लोकसंख्येचा एकच आकडा मागितलाय. श्रावणातली माणसं आणि मार्गशीर्षातली माणसं यांत जी तफावत आहे, तिला रकाना नाही. मी समासात लिहिलं.

तिला खोलेश्वराची गोष्ट सांगितली. यादवांचा राजा सिंघण, त्याचा सेनापती खोलेश्वर. तो मूळचा विदर्भाकडचा, पण आंब्याला त्यानं आपलं मानलं. देवळं बांधली, ब्राह्मणांना जमिनी दिल्या. त्याच्या घराण्याचे लेख इथल्या दगडांवर सापडले, ग. ह. खरे यांनी ते वाचून छापले. त्यातला शके ११६२चा, म्हणजे १२४० सालचा लेख मला सगळ्यांत जवळचा. खोलेश्वराचा मुलगा राम नर्मदेकाठी गुजरातच्या फौजेशी लढताना पडला. त्याची बहीण लक्ष्मी. तिनं भावाच्या आठवणीसाठी इथं देऊळ बांधलं. लेख संस्कृतात आहे, थाटाचा आहे, पण त्याच्या मुळाशी एका बहिणीचं दुःख आहे.

पोरगी ऐकत होती. म्हणाली, "बाई, भाऊ लढायला गेला तवा ती हितंच होती का?"

मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. इथंच असावी. वाट बघत असावी.

२२ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी रिक्षा करून मुकुंदराजांच्या समाधीला गेले. गावाबाहेर पठार संपतं तिथं दरी सुरू होते. पायऱ्या उतरत जायचं. पावसाळ्यात इथं झाडी इतकी दाट की पाण्याचा आवाज आधी ऐकू येतो, पाणी मागून दिसतं. आज गवत वाळलेलं, माकडं आणि आम्ही.

त्यांच्या 'विवेकसिंधू'चा काळ शके १११०, म्हणजे ११८८ मानतात. ज्ञानेश्वरी नेवाशाला शके १२१२मध्ये झाली. म्हणजे शंभर वर्षं आधी कुणीतरी वेदान्ताचा विचार मराठीत, ओवीत मांडायचं धाडस केलं. संस्कृतात लिहिलं असतं तर पंडितांत मान मिळाला असता. पण ज्यांना संस्कृत येत नाही त्यांनी काय करायचं, हा प्रश्न त्या माणसाला स्वस्थ बसू देईना.

आता अडचणीचं. ग्रंथात अंबानगरीचा उल्लेख आहे. आम्ही म्हणतो ती ही. वैनगंगेकाठचं आंभोरे ती अंबानगरी, असं विदर्भातले अभ्यासक म्हणतात आणि त्यांच्याकडंही पुरावे आहेत. काळाबद्दलही शंका घेणारे अभ्यासक आहेत. मी तीस-पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, वर्गात हे दोन्ही सांगितलं. चार पानांतही सांगणार.

२३ डिसेंबर, शनिवार

मुख्याध्यापकाला कच्चा मजकूर दाखवला. "आद्यकवीची भूमी" या ओळीखाली मी मतभेद लिहिलेत, ते त्याला नको होतं. "बाई, आपल्याच हातानं आपला मान कशाला कमी करायचा? भंडाऱ्याचे लोक लिहितात का आपलं नाव?"

राग आला. त्याच्यावर नाही, त्याला एवढी भीती का वाटते, याचा. मी म्हटलं, ही समाधी आठशे वर्षांची श्रद्धा आहे, ती दुसऱ्या गावाचं नाव लिहिल्यानं हलत नाही. पोरांना वाद माहीत असू दे. उद्या एखादी पोरगी दोन्हीकडची हस्तलिखितं वाचायला निघेल. ती निघावी म्हणून तर शाळा आहे.

तो गप्प बसला. चहा घेतला. जाताना म्हणाला, "दासोपंतांचं तरी जास्त लिहा."

ते तर लिहिणारच. दासोपंत १५५१चे, बिदरच्या राज्यातल्या नारायणपेठेचे. वडील दिगंबरपंत देशपांडे. सारा थकला म्हणून लहानग्या दासोपंतांना बिदरला ओलीस ठेवलं, मुदतीत पैसे आले नाहीत तर बाटवू म्हणून. पैसे भरून त्यांना सोडवणारा दत्ताजी पाडेवार म्हणजे साक्षात दत्तच, अशी भाविकांची कथा. पुढं ते आंब्याला आले आणि लिहीत राहिले. 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा. रोज ढब्बू पैशाची शाई संपायची म्हणतात. आणि मग ती पासोडी. चाळीस फूट लांब, चार फूट रुंद जाडंभरडं कापड, त्यावर पंचीकरणाच्या ओव्या. आकडे ऐकून पोरांच्या डोळ्यांपुढं काही येत नाही, म्हणून मी वर्गात नऊवारी न्यायचे. लुगडं सत्तावीस फूट, पन्हा जवळजवळ पासोडीएवढाच. एका पोरीनं एक टोक धरायचं, दुसरीनं दुसरं. मग सांगायचं, असं दीड लुगडं त्यांनी अक्षरांनी भरलं. वर्ग चिडीचूप व्हायचा.

शेतकरी थंडीत अंगावर घेतो ती पासोडी. त्यांनी वेदान्त लिहायला तेच कापड घेतलं. हा विचार आला की माझा दिवस बरा जातो.

२४ डिसेंबर, रविवार

दुसरं-तिसरं पान. योगेश्वरी शाळा १९३५ची. हिप्परग्याहून स्वामी रामानंद तीर्थ इथं आले, त्यांनी आणि बाबासाहेब परांजपे यांनी तिला आकार दिला. वडील त्याच शाळेत शिकले. निजामी राज्यात वरचं शिक्षण उर्दूत होतं आणि सभा घ्यायची तरी परवानगी लागायची, अशा दिवसांत मराठी पोरांना इतिहास शिकवणं हेच पुष्कळ होतं. स्वामीजी पुढं हैदराबादच्या लढ्यात गेले, तुरुंगात गेले. १७ सप्टेंबर १९४८ला आमचं स्वातंत्र्य आलं, देशाच्या तेरा महिने मागून. वडील १५ ऑगस्टला झेंडावंदन करायचे आणि १७ सप्टेंबरला गोड करायचे.

सत्तरच्या दशकात ग्रामीण भागासाठीचं वैद्यकीय महाविद्यालय इथं झालं, स्वामीजींच्याच नावाचं. त्याच्या आवारात कधीही जा, झाडाखाली फडकं सोडून भाकरी खाणारी माणसं दिसतात. लातूर, परभणी, धाराशिवकडची. आंब्याचा दवाखाना म्हणजे शेवटचा भरवसा. मानवलोकचं काम १९८२चं, द्वारकादास लोहियांचं. शैला लोहियांचं काम टाकलेल्या बायांसाठी. त्या गेल्याला दहा वर्षं झाली. १९८३चं साहित्य संमेलन, अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर. मी तेव्हा नवी शिक्षिका, पाहुण्यांना पाणी देण्याच्या कामावर. सगळं गाव मांडव घालत होतं.

पाणी म्हटल्यावर २०१६ आठवलं. धनेगावचं मांजरा धरण कोरडं. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी गेलं, ते देशानं पाहिलं. तेच धरण आमचंही. आमच्याकडं रूळच नव्हते. गल्लीत टँकरची वाट पाहत रात्री दोन वाजता बाया घागरींच्या रांगेत बसलेल्या. माझ्या निवृत्तीचं ते वर्ष. निरोप समारंभात मी हार नको म्हटलं, पाण्याचा एक टँकर शाळेला द्या म्हटलं. हे स्मरणिकेत नाही घेतलं. दुष्काळाचा परिच्छेद मात्र घेतला.

२६ डिसेंबर, मंगळवार. मार्गशीर्ष पौर्णिमा, दत्तजयंती

देवीच्या नवरात्राची सांगता आणि दत्तजन्म एकाच दिवशी. दुपारभर देवीकडे गर्दी, संध्याकाळी दासोपंतांच्या देवघरी पाळणा. गल्लीगल्लीत सडा-रांगोळी.

सकाळी मुख्याध्यापक येऊन पानं घेऊन गेला. मतभेदाची ओळ वाचली, पुन्हा वाचली, तशीच ठेवली. समासातला ऊसतोडीचा मजकूर त्यानं स्वतःच आत ओढला. म्हणाला, "बाई, माझा बाप गेला की कोयत्यावर बारा वर्षं. तुम्हाला कुठं माहितीय." खरंच माहीत नव्हतं. तीन वर्षं माझ्या वर्गात होता.

संध्याकाळी शेजारची पोरगी तांबूल घ्यायला आली. माझ्याकडची दुसरी प्रत तिनं मोठ्यानं वाचायला घेतली. लक्ष्मीपाशी आली तेव्हा आजीचा मोबाइल वाजला, फडातून आईचा. ऊस तोडून गाडी भरून झाली होती, मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. आईला नीट ऐकू जाईना. पोरगी ओरडून सांगत होती, "हितंच हाय मी, आंब्यातच! बाईंपाशी. वाचायलेय."