पाठीला विचारून

वैशाखात बीडमध्ये बसून थंडीवर विश्वास ठेवणं फार अवघड जातं. पारा चाळिशी ओलांडून गेलेला, बिंदुसरेच्या पात्रात नुसते धोंडे, कूलरचा वारासुद्धा कोमट. अशा दुपारी पलंगावर लोकरीचं स्वेटर पसरलं की बघूनच घाम फुटतो. केदारनाथ ३,५८३ मीटर उंचीवर आहे, तिथे याच महिन्यात रात्री पारा शून्याजवळ उतरतो, हे डोक्याला पाठ असतं. अंगाला पटत नाही. म्हणून आमच्याकडची यात्रेची सामानं दोन टोकांची होतात. कुणी धोतर-सदऱ्यावर निघतं, कुणी धास्तीपोटी दोन रग, चार चादरी आणि वर आणखी एक घोंगडी घेतं.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास केदारची दारं उघडली की आमच्या गावांतून बसगाड्या निघतात. सोबत आचारी, शेगडी, तेलाचे डबे. निघायच्या आधी परळीला जाऊन वैजनाथाला सांगायचं, कारण आम्हा मंडळींना ते घरचं ज्योतिर्लिंग. घरच्याला न सांगता दुसरीकडे कसं जायचं? बेलाचं एक पान पिशवीत ठेवलं जातं. त्याला वजन नसतं, हे मला फार आवडतं.

खरं तर सामान बांधणं या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. दसरा-दिवाळी झाली की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांत ट्रॅक्टर लागतात आणि घरंच्या घरं ऊसतोडीला जायला ट्रॉलीत चढतात. कोयते, ज्वारीची पोती, ताडपत्री, पाण्याचा ड्रम, वाकळा, कोंबड्या, लेकरं. हंगाम संपून पट्टा पडला की उन्हाळ्यात तीच घरं परत येतात. माझ्या चुलतीनं असे कितीतरी हंगाम काढले. ट्रॉली भरायची तिची एक रीत होती: तवा, परात, काटवट आणि पिठाचा डबा सगळ्यात शेवटी चढवायचा. फडावर गाडी पोचते रात्री-अपरात्री. कोपी उभी राहायच्या आधी चूल पेटली पाहिजे, लेकरं भुकेजलेली असतात. जे आधी लागणार ते शेवटी भरायचं. पाठीवरच्या सॅकमध्ये रेनकोट सगळ्यात वर ठेवा, असं डोंगर चढणारी मंडळी सांगतात, तेव्हा मला तिची काटवट दिसते.

पण तिचं सामान हलकं होतं असं मी म्हणणार नाही. पोटासाठी घर मोडून नेणाऱ्याला काय न्यावं आणि काय ठेवावं याची निवडच नसते. मजुरीची आगाऊ उचल घेतलेली असते, मुकादम दारात असतो. थोडक्यात भागवण्याचं कौतुक ज्याच्याकडे निवड आहे त्यानंच करावं, आणि तेही जपून.

चुलती पुढे केदारला जाऊन आली. माझ्या बॅगेकडे बघून ती म्हणाली, "बाई, एवढं कामून न्यायचं? आधी पाठीला इचार. पाठीवर घेऊन येशीपतुर चालून ये, मंग ठरीव काय काढायचं ते." मी खरंच गेले. वेशीपर्यंतच्या वाटेत जाड रग नको झाला, दुसरी चादर नको झाली, आरसा-डबीसुद्धा नको झाली.

थंडीचं मात्र तिनं वाकळ पुढ्यात घेऊन समजावलं. तिची वाकळ मी जवळून पाहिली आहे. वर विटक्या जांभळ्या लुगड्याचा थर, आत धोतराचे तुकडे, त्याखाली कुणाच्या तरी लग्नातल्या साडीचा काठ, आणि कडेकडेनं आत जाणारा बारीक धावदोऱ्याचा टाका. एकेक थर हातात घ्यावा तर आरपार दिसेल इतका विरलेला. सगळे मिळून माघातली रात्र काढतात. ऊब कापडात नसते, दोन थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते. म्हणून एका जाड कोटापेक्षा तीन पातळ कपडे बरे: अंगालगत घाम न धरणारं, मधे लोकर, वर वारा-पाऊस अडवणारं. चढताना काढता येतात, थांबल्यावर चढवता येतात. सुती कापड भिजलं की पाणी धरून बसतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं. लोकर ओलीसुद्धा थोडीफार साथ देते. वाकळ डोंगरावर नेणं परवडत नाही. तिची अक्कल तेवढी न्यावी.

अशा वेळी मला अंबाजोगाईचे दासोपंत आठवतात. सोळाव्या-सतराव्या शतकातला हा माणूस. गीतार्णवाच्या सव्वा लाख ओव्या लिहिणारा, म्हणजे थोडक्यात आटोपणाऱ्यांतला नव्हे. पण पंचीकरण लिहायला त्यांनी कागद घेतला नाही, पासोडी घेतली. पांघरायचं जाडंभरडं कापड. सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश यांतून सगळी सृष्टी कशी घडली याचा विचार त्या कापडावर मांडला. एवढा मोठा विषय, आणि वळकटी करून काखेत मारावी अशा वस्तूवर. माझ्या गावाजवळ हे घडलं याचा मला अभिमान वाटतो, आणि बॅग भरताना तो उपयोगीही पडतो. पांघरूण, बैठक, उशी, पावसात आडोसा, बाजारात गाठोडं: ज्या कापडाची इतकी कामं होतात तेच माझ्याबरोबर येणार.

गौरीकुंडापासून केदारपर्यंत सुमारे १६ किलोमीटरची चढण. मागच्या वेळी त्या वाटेवर मी जे पाहिलं ते विसरता येत नाही. कपाळाला पट्टा लावून, पाठीवरच्या कंडीत अख्खा माणूस घेऊन चढणारे नेपाळी मजूर; दोन्ही बाजूंना बॅगा लटकलेली, पाय घसरणारी खेचरं. पट्ट्याखाली ताणलेल्या मानेची ती शीर मला ओळखीची वाटली. उसाची मोळी डोक्यावर घेऊन, ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढणाऱ्या आमच्या बायांची मान तशीच ताठते. ज्याला चढवत नाही त्यानं कंडी घ्यावी, त्यावर कुणाचं घर चालतं. पण नुसत्या धास्तीपोटी भरलेला तिसरा स्वेटर, न लागणारी चप्पल, भारंभार फराळ, हे शेवटी कुणाच्या तरी मानेवर जातं. मला माझं सामान माझ्याच पाठीवर हवं आहे.

तर या खेपेला: तीन थर, कानटोपी, लोकरीचे मोजे दोन जोड, रेनकोट, औषधं, कागदपत्रं, बॅटरी, आणि एक पासोडीवजा चादर. खाण्यात मी हात आखडता घेतलेला नाही. दुधात पीठ भिजवून केलेल्या ज्वारीच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, कारण खाण्याचं ओझं रोज उतरत जातं. कपड्यांचं भिजून वाढतं. अडतीवरच्या काट्यावर सगळं सहा किलो भरलं.

चुलतीनं परतीचंही बघून ठेवलंय. "हरिद्वारातून गंगेचे डबे नको वाहू," ती म्हणाली. "एक गडू आण. मावंद्याला सगळ्या गल्लीला थेंब थेंब पुरतं."