अशी मुलं घोरतातच

माझ्या मुलाला डाऊन सिंड्रोम आहे. तो रात्री जोरात घोरायचा, मध्येच गप्प व्हायचा, मग दचकून उठून बसायचा. करावे गावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. पलीकडे जाऊबाईंना सगळं ऐकू जायचं. "याला एकदा दाखवून आण," त्या म्हणायच्या. मी म्हणायचे, अशी मुलं घोरतातच.

दिवसाचं पेंगणं, चिडचिड, वजन न वाढणं, सगळं मी डाऊनच्या नावावर टाकलं. हळदीच्या मांडवात बेंजो वाजत असताना तो बसल्या बसल्या झोपायचा आणि आम्ही कौतुक करायचो. त्याच्या बहिणीला साधा खोकला झाला तरी मी दवाखाना गाठते.

त्यात भीतीही होती. लहानपणीच त्याच्या हृदयातलं छिद्र ऑपरेशन करून बुजवलं होतं. शेवटी त्याला दाखवायला नेलं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी टॉन्सिल आणि ॲडेनॉइड काढायला सांगितलं तेव्हा मला फक्त भूल दिसली. "पुन्हा त्याच्या जिवाशी खेळ नको," मी म्हणाले, आणि घरात सगळ्यांनी ते मानलं. माया होतीच त्यात. पण या मुलाचं यापेक्षा बरं काय होणार, असंही मी मनात धरून बसले होते. आईनेच.

डॉक्टरांच्या आग्रहाखातर स्लीप स्टडीला तयार झाले. बोटाला चिमटा, छातीला पट्टे, नाकाशी नळी. तो झोपला आणि मी पडद्याकडे बघत राहिले. श्वासाची रेघ सपाट व्हायची, छातीची मात्र धडपड चालूच. थोड्या वेळाने ऑक्सिजनचा आकडा घसरायचा. मग तो दचकायचा, आकडा वर चढायचा. पुन्हा तेच, रात्रभर. घरी माझ्या कुशीत हेच चाललं होतं आणि मी पाठ थोपटत होते. ऑक्सिजन असा घसरत राहिला की फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. जे हृदय जपायचं म्हणून मी ऑपरेशन अडवलं, त्यालाच रोज रात्री शीण होत होता.

भूलतज्ज्ञ बाईंनी माझी भीती उडवून लावली नाही. एकेक गोष्ट समोर मांडली. आधी हृदयाचा टूडी एको, थायरॉइडची तपासणी. या मुलांत मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो, म्हणून टेबलावर मान फार मागे झुकवायची नाही. श्वासनळी अरुंद असते, म्हणून वयाच्या मानाने लहान नळी. भूल चढताना ठोके मंदावू शकतात. दुखण्यावर कोडीन द्यायचं नाही: काहींच्या शरीरात त्याचं झपाट्याने मॉर्फिन होतं आणि श्वास मंदावतो; टॉन्सिल काढलेल्या मुलांसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. ऑपरेशन मुलांचा अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच, रात्री मुक्काम धरून. घरी आल्यावरही पाचव्या ते दहाव्या दिवसांत, खपली सुटताना, रक्त येऊ शकतं. थुंकीत ताजं लाल दिसलं तर वाट न बघता निघायचं.

धोके माझ्या कल्पनेपेक्षा जास्तच निघाले. तरी मी सही केली.

आता तो सलग झोपतो, सकाळी स्वतः उठतो. घोरणं पूर्ण गेलेलं नाही. डाऊनच्या बऱ्याच मुलांत टॉन्सिल काढूनही काही त्रास उरतो. म्हणून स्लीप स्टडी पुन्हा करायची आहे, कानांची तपासणीही.