वेडा धनी, शहाणा चाकर

राजापेक्षा त्याचा प्रधान शहाणा आणि धन्यापेक्षा त्याचा चाकर चतुर, ही कल्पना फार जुनी आहे. अकबर-बिरबलाच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो, त्या याच कल्पनेवर उभ्या आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये प्लॉटस नावाचा नाटककार होऊन गेला. त्याच्या विनोदी नाटकांतही तरुण मालक स्वतःच्या मूर्खपणाने पेचात सापडतो आणि त्याचा गुलाम नाना युक्त्या लढवून त्याला सोडवतो. थोर म्हणवणाऱ्याला लहान समजल्या गेलेल्याने शहाणपण शिकवावे, यात माणसाला काही विलक्षण आनंद वाटतो खरा. परंतु या जुन्या कल्पनेला विसाव्या शतकात एका इंग्रज लेखकाने जे रूप दिले, त्याची गोडी काही निराळीच आहे. त्या लेखकाचे नाव पी. जी. वुडहाऊस.

वुडहाऊसचा जन्म 1881 साली इंग्लंडमधील गिल्डफर्ड या गावी झाला. वडील दूर हाँगकाँगला न्यायखात्यात नोकरीला. त्यामुळे आईबापांचा सहवास त्याला लहानपणी फारसा लाभला नाही. तो वाढला दायांच्या, शिक्षकांच्या आणि अनेक आत्या-मावश्यांच्या देखरेखीखाली. त्याच्या पुस्तकांत करारी आत्यांचा जो सुळसुळाट दिसतो, त्याचे मूळ येथे असावे! शाळा संपल्यावर 1900 साली त्याने लंडनच्या एका बँकेत नोकरी धरली. आकडेमोडीत त्याचे मन रमेना. दोन वर्षांनी त्याने नोकरी सोडली आणि लेखणीवर पोट भरण्याचे ठरवले. पुढे त्याने नव्वदांहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांतील सर्वांत लाडकी पुस्तके म्हणजे बर्टी वूस्टर आणि जीव्हज यांची.

बर्टी वूस्टर हा लंडनमधील एक श्रीमंत तरुण. त्याला पैशाची ददात नाही आणि काम तर मुळीच नाही. उशिरा उठावे, क्लबात जावे, मित्रांत रमावे, हा त्याचा दिनक्रम. जीव्हज हा त्याचा खासगी सेवक, म्हणजे आपल्याकडे ज्याला पूर्वी हुजऱ्या म्हणत तो. सकाळी चहा आणणे, धन्याचे कपडे काढून ठेवणे, प्रवासाची तयारी करणे, ही त्याची कामे. तो कधी आवाज चढवत नाही, कधी घाई करत नाही. तो चालत येत नाही, तर अलगद प्रकट होतो, असे बर्टीला वाटते. फावल्या वेळात हा हुजऱ्या स्पिनोझासारख्या तत्त्वज्ञाचे ग्रंथ वाचतो! बर्टीला एखादी काव्यपंक्ती अर्धवट आठवते आणि तो मध्येच अडखळतो. तेव्हा जीव्हज अदबीने ती पुरी करतो आणि कवीचे नावही सांगतो. भाषेच्या शिक्षकाला हेवा वाटावा, अशी त्याची स्मरणशक्ती आहे.

या दोघांत भांडणे होतात ती बहुधा कपड्यांवरून. बर्टीला भडक मोजे, विचित्र टोप्या यांचा मोह फार. जीव्हजला ते खपत नाही. तो तोंडाने फारसे बोलत नाही. केवळ त्याची भुवई किंचित वर जाते. तेवढ्याने बर्टीच्या मनात धडकी भरते. पण हट्टाला पेटून तो म्हणतो, धनी मी आहे की हा? मग काही दिवस घरात थंड अबोला नांदतो आणि नेमके त्याच वेळी एखादे संकट दाराशी येऊन उभे राहते.

1934 साली प्रसिद्ध झालेल्या 'राइट हो, जीव्हज' या कादंबरीतील प्रसंग पाहा. शिक्षकी पेशात माझी हयात गेली असल्यामुळे तो मला विशेष प्रिय आहे. बर्टीची डालिया आत्या त्याला एका शाळेच्या बक्षीससमारंभात बक्षिसे वाटण्याचा हुकूम करते. भाषणाच्या कल्पनेनेच बर्टीला घाम फुटतो. तो मोठ्या युक्तीने हे काम आपला मित्र गसी याच्या गळ्यात घालतो. हा गसी इतका लाजाळू, की पाणसरडे पाळण्यापलीकडे त्याला जगाची ओळख नाही. त्याची भीड चेपावी म्हणून त्याच्या संत्र्याच्या रसात गुपचूप मद्य मिसळण्यात येते. भीड चेपते खरी, पण इतकी, की व्यासपीठावर त्याच्या जिभेला लगाम उरत नाही. बक्षीस घ्यायला आलेल्या एका मुलावर तो संशय घेतो. श्रोत्यांत बसलेल्या बर्टीकडे बोट दाखवून, याने शाळेत धर्मशास्त्राचे बक्षीस लबाडीने मिळवले, असे जाहीर सांगतो. बक्षीससमारंभाला बसलेल्या कोणाही शिक्षकाने हे पान वाचावे आणि हसू आवरून दाखवावे!

परंतु कथेचा खरा मर्मभाग पुढे आहे. आत्याच्या घरी जमलेली मित्रमंडळी एकमेकांवर रुसलेली असतात. जीव्हजच्या सल्ल्याने बर्टी मध्यरात्री आगीची घंटा वाजवतो. सारी माणसे घाबरून अंगणात धावतात, दार बंद होते आणि सगळे बाहेर अडकतात. घरची नोकरमाणसे दूर नाचाला गेलेली, किल्लीही त्यांच्याकडेच. तेव्हा जीव्हज नम्रपणे सुचवतो की, धन्याने सायकलवरून जाऊन किल्ली आणावी. काळोख्या रात्री, दिवा नसलेल्या सायकलवरून, रडत-कुढत बर्टी कित्येक मैल जातो. तेथे पोहोचल्यावर त्याला कळते की, किल्ली जीव्हजच्याच खिशात आहे! तो संतापून परततो, तो काय पाहतो? सारी भांडणे मिटलेली आहेत. सर्वांनी मिळून एकट्या बर्टीवर राग काढला, त्याच्या फजितीवर मनमुराद हसून घेतले आणि त्या हसण्यात आपापसांतले रुसवे विरघळून गेले. जीव्हजचा डाव हाच होता. जाता जाता, बर्टीने हौसेने आणलेला आणि जीव्हजला न आवडलेला पांढरा कोटही इस्त्री करताना 'चुकून' जळलेला असतो.

हे वाचून कोणी म्हणेल, जीव्हज शहाणा आणि बर्टी मूर्ख, एवढेच यात आहे. मला तसे वाटत नाही. जीव्हजची बुद्धी खचित थोर आहे; पण त्या बुद्धीला राबायला एक मोठे मन लागते आणि ते बर्टीचे आहे. मित्र अडचणीत असला की त्याला सोडून जायचे नाही, हा त्याचा बाणा. त्यापायी तो अपमान सोसतो, धक्के खातो, सायकलवर कुडकुडतो आणि शेवटी कोणावरही डूख धरत नाही. शिवाय एक गोष्ट विसरू नये. जवळजवळ या सर्व कथा खुद्द बर्टीच सांगतो. आपली फजिती तो लपवत नाही. आपल्या चि. वि. जोश्यांचा चिमणरावही आपल्या फजितीच्या हकिकती असाच भोळेपणाने सांगतो आणि म्हणूनच तो आपल्याला घरचा वाटतो. दुसऱ्याला हसणे सोपे असते. स्वतःला हसू देणे, हे मोठेपणाचे लक्षण आहे.

जीव्हज हे नाव कोठून आले, याची हकिकत मात्र हसवणारी नाही. पर्सी जीव्हज नावाचा एक तरुण क्रिकेटपटू वॉरविकशायरकडून खेळत असे. 1913 च्या हंगामात त्याने 106 बळी घेतले. त्याच वर्षी चेल्टनहॅम येथे वुडहाऊसने त्याचा खेळ पाहिला आणि ते नाव त्याच्या मनात राहून गेले. 1915 साली एका कथेत 'जीव्हज' प्रथम अवतरला, तोही जेमतेम दोन वाक्ये बोलण्यापुरता. तोवर महायुद्ध पेटले होते आणि पर्सी जीव्हज सैन्यात दाखल झाला होता. जुलै 1916 मध्ये फ्रान्समधील सोमच्या लढाईत तो पडला. त्याचे वय 28 वर्षांचे होते. त्याचा देहसुद्धा सापडला नाही. आज त्याचे आडनाव जगभर उच्चारले जाते ते हसऱ्या चेहऱ्याने.

खुद्द वुडहाऊसच्या आयुष्यातही एक कठीण प्रसंग आला. 1940 साली फ्रान्समध्ये राहत असताना तो जर्मन फौजेच्या हाती सापडला आणि जवळजवळ वर्षभर नजरकैदेत राहिला. सुटल्यावर, 1941 साली, त्याने बर्लिनच्या नभोवाणीवरून आपल्या कैदेच्या गमतीदार आठवणी सांगितल्या. त्यांत शत्रूची स्तुती नव्हती. परंतु लंडनवर बाँब पडून माणसे मरत होती, तेव्हा शत्रूच्या नभोवाणीवरून विनोद करणे देशबांधवांना फार लागले. चौकशीत त्याचा देशद्रोह दिसला नाही, तरी तो पुन्हा इंग्लंडमध्ये राहायला गेला नाही. 1975 साली त्याला 'सर' ही पदवी देण्यात आली आणि थोड्याच आठवड्यांनी वयाच्या 93 व्या वर्षी अमेरिकेत त्याचा अंत झाला. मला वाटते, त्या दिवशी वुडहाऊस हाच बर्टी झाला होता. मात्र अदबीने भुवई उंचावून त्याला सावध करणारा जीव्हज त्याच्याजवळ नव्हता. हसावे केव्हा, हे कळणे हसवता येण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

एका माणसाने दुसऱ्याचे मोजेसुद्धा काढून ठेवावेत, ही रीत आज आपल्याला रुचणार नाही आणि रुचूही नये. पण या जोडीकडे पाहून मला एक दिलासा वाटतो. जीव्हजने आपले काम कधी हलके मानले नाही, म्हणून ते हलके राहिले नाही. बर्टीने आपल्यापेक्षा शहाण्या माणसाचे ऐकण्यात कमीपणा मानला नाही, म्हणून तो लहान ठरला नाही. जगात सर्वांनाच जीव्हजची बुद्धी लाभत नाही. परंतु बर्टीचे निर्मळ मन, ठरवले तर, कोणालाही जोपासता येते.