चंडोल ते चीता

प्रतिकृतींच्या संचाकडे आपण बहुधा मुलांचा विरंगुळा म्हणूनच पाहतो. पेटीत प्लॅस्टिकचे सुटे भाग असतात, सोबत क्रमवार चित्रे असतात. भाग तोडावेत, घासावेत, चिकटवावेत, एवढाच तो व्यवहार. परंतु पेटीत नसलेले यंत्र पेटीतील भागांतून घडवायचे ठरले, की या छंदाचे रूप पालटते. मग हाताआधी डोक्याला काम लागते.

अनेक वर्षे या छंदात रमलेल्या आम्हांला असा योग अलीकडेच आला. आमच्या पॅरिशमधील एका निवृत्त सैनिकाने आमच्याकडे 'चीता' हेलिकॉप्टरची प्रतिकृती मागितली. 1990 च्या दशकात सियाचीनच्या एका चौकीवर त्यांच्या पायांना हिमदंश झाला होता. चीता बर्फावर जेमतेम टेकले आणि पंखा फिरता ठेवूनच त्यांना उचलून खाली घेऊन आले. पायाची तीन बोटे गेली, जीव वाचला.

आमच्या कपाटात होता तो संच मात्र फ्रेंच 'अलुएट-2' चा, 1/32 प्रमाणाचा. अलुएट म्हणजे चंडोल पक्षी. पुढे काचेचा घुमट, मागे उघडी जाळीदार शेपटी. दिसायला दोन्ही यंत्रे सख्खी भावंडे. "रंग बदला म्हणजे झाले, कोण ओळखणार आहे?" असे घरातील मुलांनी सुचवले. पण ज्यांच्यासाठी करायचे, त्यांचा जीव या दोन भावंडांतील फरकावरच तगला होता.

अलुएट-2 प्रथम उडाले 1955 मध्ये. हिमालयातील विरळ हवेत भार उचलील असे यंत्र भारतीय सैन्यदलांना हवे होते, ते काम त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. तेव्हा फ्रेंच अभियंत्यांनी त्याचाच हलका सांगाडा बळकट केला आणि त्यावर 'अलुएट-3' चे इंजिन व पंखे चढवले. 1969 मध्ये हे 'लामा' उडाले. बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सने परवान्याखाली ते बांधले, तेव्हा त्याचे नाव चीता झाले. त्याचे इंजिन 870 अश्वशक्तीचे, पण ते 550 पर्यंतच वापरायचे. उंचीवर हवा विरळ होऊन इंजिनाचा जोर घटतो. तेथे हा राखून ठेवलेला साठा उपयोगी पडतो. 21 जून 1972 रोजी झाँ बुले यांनी लामा 12,442 मीटर उंचीवर नेले. इंजिन बंद पडले, तरी केवळ वाऱ्याने फिरणाऱ्या पंख्याच्या आधारे ते सुखरूप जमिनीवर उतरले.

म्हणजे एकाचे काढून दुसऱ्याला जोडण्याचा उद्योग मूळचा अभियंत्यांचाच. आम्हांला तो टेबलावर पुन्हा करायचा होता. मुख्य पंख्याचा व्यास 10.20 मीटरांवरून 11.02 मीटरांवर गेलेला, म्हणजे आमच्या प्रमाणात प्रत्येक पाते सुमारे 13 मिलिमीटर लांब हवे. संचातील पाती बाजूला ठेवून आम्ही प्लॅस्टिकच्या पत्र्यातून तीन नवी पाती कापली आणि पॉलिश पेपरने त्यांना गोलाई दिली. मोठ्या पंख्याच्या जोराने यंत्र स्वतःभोवती उलटे फिरू पाहते. त्याला आवरणारा शेपटीचा पंखाही बळकट लागतो. अलुएट-2 ला तेथे दोन पाती, चीत्याला तीन. ती नखाएवढी तीन पाती सारख्या कोनात बसवण्यात आमच्या दोन संध्याकाळी गेल्या. वजन वाढवील असे काहीही या यंत्रात शोभेसाठी लावलेले नाही, ही गोष्ट तेव्हा हाताला कळली.

एका रविवारी आम्ही प्रतिकृती घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि बोटाने मुख्य पंखा हलकेच फिरवला. त्यांची नात तो धरायला पुढे झाली, तसा त्यांनी तिचा हात मागे घेतला.

"थांबवू नकोस, बाळा," ते म्हणाले, "तेव्हाही तो थांबला नव्हता."